अरुंद ट्रॅकवर छोटी हॅचबॅक की महागडी स्पोर्ट्स कार?

वळणवेडा
सरळ मुद्द्यावर येतो. ट्रॅक अरुंद असेल, म्हणजे कोन (रस्त्यावर ठेवतात ते प्लॅस्टिकचे शंकू) मांडून वेळ लावायचा ऑटोक्रॉस किंवा लागोपाठ हेअरपिन, म्हणजे यू आकाराची वळणं असलेला रस्ता, तर टनभर वजनाची हॅचबॅक महागड्या स्पोर्ट्स कारपेक्षा सरस आहे असं माझं ठाम मत आहे. महागड्या गाडीत ज्याचे पैसे मोजलेले असतात ते तिथे वापरायलाच मिळत नाही. दहा मीटर त्रिज्येचं वळण धरा, चांगल्या रोड टायरवर त्यातून ताशी ३५-३६ किमीच्या वर कोणीच जात नाही, बॉनेटखाली १४० हॉर्सपॉवर असो नाहीतर ४००. मोठा मागचा विंग पण तिथे काही करत नाही, कारण डाउनफोर्स, म्हणजे हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर, स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि एवढ्या कमी स्पीडला तो नसल्यातच जमा. मग उरलं काय? वजन, टायर, गाडीची रुंदी आणि ड्रायव्हर. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत छोटी गाडी पुढेच असते. आणि आल्प्सच्या डोंगरी रस्त्यांवरची मॉन्टे कार्लो रॅली विसरू नका, मिनी कूपर एस ने १९६४, १९६५ आणि १९६७ ला जिंकलेली आहे, १९६६ ला पण पहिल्या तिन्ही मिनीच होत्या, हेडलाइटच्या नियमावरून बाद केल्या म्हणून नाहीतर सलग चार झाल्या असत्या.

टर्बोलॅग
असहमत. मॉन्टे कार्लोचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या की राव. १९६४ ला स्टेजवर, म्हणजे वेळ मोजलेल्या टप्प्यांवर, सगळ्यात फास्ट होती बो ल्युंगफेल्टची फोर्ड फाल्कन, मोठं व्ही८ इंजिन, पण तेव्हा इंजिनाच्या साइझप्रमाणे वेळेचा हिशोब लावायचे आणि त्या फॉर्म्युल्यात पॅडी हॉपकर्कची मिनी वर आली. घड्याळ फाल्कनच्या बाजूने होतं. आणि मिनीचा जमाना संपल्यावर कोण जिंकलं? पोर्शे ९११. १९६८, १९६९, १९७०, ओळीने तीन वर्षं, त्याच डोंगरात, त्याच वळणांवर. मग १९७५ पासून तीन वर्षं लॅन्सिया स्ट्राटोस. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, फक्त २१८० मिमी आणि इंजिन मध्यभागी, म्हणजे वळणांसाठीच बनवलेली स्पोर्ट्स कार. छोट्या, अरुंद रस्त्याला हॅचबॅकच लागते हे इतिहासाला मान्य नाही.

वळणवेडा
१९६४ चा फॉर्म्युला मान्य, ते खरंच आहे. पण १९६५ बघा. भयंकर बर्फ पडलेला, बहुतेक गाड्या शेवटपर्यंत पोचल्याच नाहीत, आणि टिमो मॅकिनेन मिनी घेऊन पहिला आला. दुसरा कोण? पोर्शे ९०४. रेसिंगसाठीच बनवलेली मिड-इंजिन गाडी. तिला एका छोट्या फॅमिली कारवरून तयार केलेल्या गाडीने मागे टाकलं. जिथे ग्रिप कमी आणि वळणं जास्त तिथे जास्तीची पॉवर नुसती चाकं फिरवण्यात जाते, माझा मुद्दा एवढाच आहे.

शेवटचा अपेक्स
मला दोघांचंही अर्धं पटतंय पण एक गैरसमज आधी काढून टाकू या. छोटी गाडी म्हणजे छोटा व्हीलबेस असं सगळे धरून चालतात. मागच्या पिढीची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, १.४ टर्बोवाली, तिचा व्हीलबेस २४५० मिमी. आणि ९९२ पिढीच्या पोर्शे ९११ चा? तोही २४५० मिमी! फरक आहे तो वजनात आणि रुंदीत. स्विफ्ट साधारण ९७० किलो, ९११ करेरा साधारण १५०० किलो. स्विफ्ट १७३५ मिमी रुंद, ९११ १८५२. म्हणजे जवळजवळ १२ सेंमीचा फरक, आणि स्लॅलममध्ये, म्हणजे कोनांच्या रांगेतून नागमोडी जाताना, प्रत्येक कोनला गाडी इकडून तिकडे न्यायची असते, तिथे हे १२ सेंमी दर वेळी वाचतात. गाडी जितकी बारीक तितकी तिची लाइन सरळ जाते आणि तेवढाच स्पीड टिकतो. ह्या बाबतीत हॅचबॅकला माझं मत.

टर्बोलॅग
रुंदीचं मान्य. पण तुम्ही सगळे वळणाच्या आत काय होतं तेवढंच बोलताय, वळणातून बाहेर येताना काय होतं ते कोणी बोलतच नाही. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असलेली, हेअरपिनमधून बाहेर काढताना ॲक्सिलरेटर जरा लवकर दाबला की आतलं पुढचं चाक किंचाळत जागच्या जागी फिरतं, स्टिअरिंग हातात हलकं पडतं आणि नाक सरळ बाहेरच्या कोनकडे निघतं. मग पाय उचलायचा, थांबायचं, गाडी वळायची वाट बघायची, आणि तोवर ९११ सारखा रिअर इंजिनवाला निघून गेलेला असतो, कारण त्याचं वजन चालवणाऱ्या चाकांवरच आहे आणि जोर लावला की अजून मागे जातं.

आता आकडे. वळणातून ३६ च्या स्पीडने निघालात, पुढचं वळण ४० मीटरवर. हॅचबॅकला ०.४ जी चा (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका) जोर मिळाला, ९११ ला ०.६ जी, ब्रेक दोघांचे सारखे धरले. त्या एका तुकड्यात ९११ साधारण ०.१७ सेकंद काढते. ऐकायला काहीच नाही, पण असे दहा तुकडे घ्या, दीड सेकंदाच्या वर गेलं. एका मिनिटाच्या कोर्सवर दीड सेकंद म्हणजे पहिला नंबर आणि मधलाच कुठला तरी नंबर यातला फरक आहे.

सेकंड गिअर
दीड सेकंद गेला हे ठीक, पण अमेरिकेत एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) ऑटोक्रॉसमध्ये एक कोन पाडला की २ सेकंद दंड. एक! रुंद गाडीचा मागचा कोपरा एका कोनला लागला की दहा एक्झिटची कमाई गेली वर अजून थोडी. आणि बसल्या जागेवरून ज्या गाडीचे कोपरे दिसतात ती कोनच्या जवळून नेता येते. खाली बसून, समोर फुगीर फेंडर आणि मागे काय आहे ते दिसत नाही अशा गाडीत माणूस नकळत हातभर जागा जास्त सोडतो आणि तिथेच टाइम जातो. मी दोन्ही प्रकारच्या गाड्यांत बसलोय, हा फरक कागदावर येत नाही पण स्टिअरिंगवर हात ठेवला की लगेच कळतो.

टर्बोलॅग
ते ड्रायव्हरचं झालं, गाडीचं नाही. सरावलेला माणूस कोपरे न बघता पण नेतो. आणि त्याच एससीसीएत क्लास वेगवेगळे का आहेत सांगा? कॉर्व्हेट आणि छोट्या हॅचबॅक एकाच क्लासमध्ये का नाही ठेवत? वेगवेगळ्या क्लासची तुलना करायला वेळेला वेगळा इंडेक्स, म्हणजे गुणक, लावतात ना? सगळ्या गाड्या सारख्याच असत्या तर त्याची गरजच पडली नसती.

वळणवेडा
चांगला मुद्दा, पण क्लास फक्त पॉवरवरून पडत नाहीत, टायरची रुंदी, वजन, सस्पेन्शन असं सगळं त्यात येतं. आणि टायर काढलाच आहे तर बोलू या. हलकी गाडी चांगली का, तर टायरवर वजन दुप्पट केलं तर ग्रिप दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा कमीच वाढते. म्हणून जड गाडीला रुंद टायर द्यावे लागतात. ९११ करेराला पुढे २३५ आणि मागे २९५ मिमी रुंद, स्विफ्ट स्पोर्टला चारही १९५. वजन भागिले टायरची एकूण रुंदी केलं तर स्विफ्टला मिलिमीटरमागे साधारण सव्वा किलो, ९११ ला साधारण १.४. म्हणजे एवढे रुंद टायर लावूनही भार जास्तच! आणि ते मागचे २९५ चे टायर बदलायचे झाले की खर्च बघा. मी म्हणतो तोच पैसा हॅचबॅकच्या चार उत्तम टायरवर, ब्रेक पॅडवर आणि एका लिमिटेड स्लिप डिफरन्शियलवर घाला. तो डिफरन्शियल बसवला की तुम्ही वर सांगितलेलं आतल्या चाकाचं फिरणं बरंचसं थांबतं. उरलेलं डाव्या पायाने ब्रेक मारून सांभाळायचं. ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, डावा पाय हलकेच ब्रेकवर, मागची बाजू सैल होऊन बाहेर सरकते आणि नाक आपोआप आत येतं. मॅकिनेन आणि १९६७ चा विजेता राउनो आल्टोनेन मिनीत हेच करायचे.

शेवटचा अपेक्स
डिफरन्शियलला +१. फक्त टोयोटाची जी आर यारिस कुठल्या बाजूला धरायची ते ठरवा आधी. हॅचबॅकच आहे, पण चारही चाकं चालतात, १.६ तीन सिलिंडर टर्बो, युरोपात सुरुवातीला २६१ पीएस (जवळजवळ तेवढेच हॉर्सपॉवर) आणि वजन १२८० किलोच्या आसपास. टर्बोलॅग यांचा एक्झिटचा मुद्दाच ती खाऊन टाकते.

टर्बोलॅग
ती धरायची असेल तर किंमतीचा मुद्दा सोडा, कारण ती स्वस्त हॅचबॅक नाहीच. आणि मग मी माझ्या बाजूने माझदा एमएक्स-५ आणतो. साधारण टनभर वजन, २३१० मिमी व्हीलबेस, मागची चाकं चालतात, दोनच सीट. स्पोर्ट्स कार पण आहे, हलकी पण आहे आणि ९११ एवढी महाग पण नाही.

वळणवेडा
एमएक्स-५ आणलीत म्हणजे वजन आणि आकार हाच खरा मुद्दा आहे हे तुम्ही मान्य केलंत, मी पहिल्यापासून तेच सांगतोय. पण चालेल. तुलना करायचीच तर एकच ड्रायव्हर, एकाच कंपनीचे एकाच प्रकारचे टायर, दोन्ही गाड्या एका पाठोपाठ एक, आणि पाडलेले कोन मोजायचेच. एक्झिटचे दहा तुकडे पण मोजू, स्लॅलम पण वेगळा मोजू. आणि महाग गाडी म्हणजे महागच आणायची, एमएक्स-५ नाही.

टर्बोलॅग
मंजूर. फक्त रस्ता कोरडा पाहिजे, आणि हॅचबॅकला डिफरन्शियल लावणार असाल तर ९११ मागची चाकं वळवणाऱ्या स्टिअरिंगवालीच घेणार मी.