मदत हवी आहे: कारखान्यातील सुरक्षेच्या तक्रारीवर पुढे काय झाले, हे माहिती अधिकारातून कसे मागावे?

नमस्कार.

माझा धाकटा भाऊ भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये (यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) ठेकेदारामार्फत कामाला आहे. मार्च 2025 मध्ये रात्रपाळीत पॉवर प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. या मशीनचा गार्ड (हात आत जाऊ न देणारे संरक्षक आवरण) काढून ठेवलेला असतो आणि दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक कायमचे दाबून अडकवलेले असते, अशी लेखी तक्रार त्याच्याच पाळीतल्या चौघांनी ऑगस्ट 2024 मध्ये, म्हणजे अपघाताच्या सात महिने आधी, तपासणी करणाऱ्या शासकीय कार्यालयात दिली होती. त्यानंतर निरीक्षक येऊन गेले का, आले असल्यास त्यांनी काय शेरे लिहिले आणि कारखान्याने त्यांची पूर्तता केली का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे. भरपाईचे प्रकरण स्वतंत्रपणे चालू आहे, त्याविषयी हा प्रश्न नाही.

मी जोडपत्र ‘अ’ भरून, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. त्यात कारखान्याविरुद्धच्या सर्व तक्रारींच्या प्रती आणि झालेल्या कारवाईची कागदपत्रे मागितली, आणि रागाच्या भरात ‘वेळीच कारवाई का झाली नाही’ असेही विचारले. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच म्हटले आहे, हे मला नंतर कळले. अठ्ठाविसाव्या दिवशी नकाराचे उत्तर आले: चौकशीला बाधा येईल म्हणून माहिती अधिकार अधिनियमाचे कलम 8(1)(ज), व्यक्तिगत माहिती म्हणून 8(1)(ञ), आणि शिवाय कारखाने अधिनियम 1948 चे कलम 118, ज्यानुसार निरीक्षकाने कारखान्याच्या कामकाजाची माहिती उघड करायची नसे. पहिल्या अपिलाच्या 30 दिवसांपैकी आता 17 उरले आहेत.

माझी खरी अडचण मात्र निराळी आहे. तक्रार हाताने लिहिलेली आहे आणि ते चौघे अजून तिथेच काम करतात. नावे काळी करून प्रत दिली, तरी ती कारखान्याच्या हाती लागल्यास अक्षरावरून आणि पाळीच्या उल्लेखावरून लिहिणारा कोण हे सुपरवायझरला पाच मिनिटांत कळेल. त्यामुळे अपिलात नेमके काय मागावे, नवा अर्ज करावा का, आणि तो कोणाच्या नावाने करावा, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

तक्रारीची प्रत मागणे सोडून द्या. ती मिळाली तरी तुम्हाला जे ठाऊक आहे तेच तीत असणार. तुमच्या कामाचे आहेत ते तपासणीचे शेरे, कारखान्याला दिलेली नोटीस आणि पूर्तता अहवाल.

ज्या कायद्याचे कलम 118 तुमच्यापुढे ठेवले गेले, त्यातच 118क होते (तो कायदा नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता). त्यानुसार निरीक्षकाने तक्रार कोणाकडून आली हे गुप्त ठेवायचे असे आणि तपासणी तक्रारीवरून होत आहे, हेही तक्रारदाराच्या संमतीशिवाय कारखान्याला सांगायचे नसे. म्हणून नव्या अर्जात ‘तक्रार’ हा शब्दच येऊ देऊ नका. माहिती अधिकाऱ्याने माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 11 खाली कारखान्याला त्रयस्थ पक्ष म्हणून नोटीस काढली, तर जे निरीक्षकाने झाकून ठेवले ते तुमच्याच अर्जामुळे उघडे पडेल. ‘1 ऑगस्ट 2024 ते 31 मार्च 2025 या कालावधीतील तपासणी शेरे, त्यावरील नोटिसा व पूर्तता अहवाल’ एवढेच लिहा. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांचा असावा लागतो, ते येथे आपोआप साधते.

अपीलही सोडू नका, पण ते फक्त कारवाईच्या कागदांपुरते ठेवा. चौकशी चालू आहे एवढे म्हणून भागत नाही, माहिती दिल्याने तिला बाधा कशी येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये भगतसिंग प्रकरणात सांगितले आहे. कलम 118 ला उत्तर म्हणजे माहिती अधिकार अधिनियमाचे कलम 22, कारण विसंगती असेल तिथे इतर कायद्यांपेक्षा या अधिनियमाला प्राधान्य मिळते. एखाद्या पानावर कोणाचे नाव असेल, तर कलम 10 प्रमाणे तेवढे वगळून बाकीचे पान द्यावे, अशी विनंती करा. अपिलाला 20 रुपयांचा स्टॅम्प लागतो.

अर्ज कोणीही भारतीय नागरिक करू शकतो आणि कारण सांगावे लागत नाही. युनियनच्या लेटरहेडवर करू नका, कायद्यात शब्द ‘नागरिक’ असा आहे. आडनाव वेगळे असलेला, दुसऱ्या गावी राहणारा नातेवाईक असेल तर उत्तम.

अपघाताचा अर्ज मात्र भावाने स्वतःच्या नावाने वेगळा करावा. कामगार 48 तास किंवा अधिक काळ काम करू शकला नाही, तर कारखाने अधिनियमाच्या कलम 88 खाली कारखान्याला अपघाताची सूचना द्यावी लागे. ती दिली होती का आणि त्यात कारण काय लिहिले, हे पाहा. अनेकदा तिथे ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढेच लिहिलेले आढळते. स्वतःचीच माहिती मागत असल्याने व्यक्तिगत माहितीची सबब तिथे टिकणार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. ‘तक्रार’ हा शब्द गाळण्याचे माझ्या डोक्यातही आले नव्हते. साताऱ्याच्या आतेभावाशी बोललो, तो तयार आहे. अपिलाचा मसुदा रविवारपर्यंत येथे टाकतो, कारखान्याचे नाव काढून. तो पोस्टाने पाठवण्याऐवजी समक्ष देऊन आवक शिक्क्याची पोच घेईन.