परत यायला कारण पक्कं पाहिजे

वर एकीनं विचारलंय की शाळेतलं प्रेम, मधे वीस वर्षांचा खंड आणि मग पुन्हा भेट, असं कथानक आपल्या मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात बसेल का. बसेल की! फक्त नायिका परत का आली ते पटलं पाहिजे. लेखकमंडळी इथं वडिलांचं आजारपण नाहीतर वाड्याची वाटणी काढतात आणि मोकळी होतात.

मी लिहिणारी असते तर २०१६चा उन्हाळा घेतला असता. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तो एप्रिल. आई एकटी, टँकरचा नेम नाही, म्हणून लेक पुण्याहून येते. मग या दोघांना भेटवायला ना बाग लागते ना हॉटेल. टँकरचा भोंगा वाजला की अख्खी गल्ली घागरी, ड्रम घेऊन पळते आणि पाइप धरून उभा असतो तोच. "कवा आलीस?" एवढंच विचारतो. तेवढ्यात मागून कुणीतरी खेकसतं, "बोलणं मागून करा, आधी ड्रम भरू द्या!"

गैरसमजातून ताटातूट मात्र नको. न पोचलेली चिठ्ठी वीस वर्षं पुरत नाही हो. आपल्याकडं जात आडवी येते, नाहीतर दहावीचे मार्क: एक जण लातूरला अकरावीला जातो, दुसरा बापाच्या दुकानात बसतो.

आणि हो, दोघांपैकी एकाचं तरी लग्न होऊन मोडलेलं असू द्या. चाळिशीला टेकलेली दोघंही बिनलग्नाची, आणि गावानं गप्प बसावं? आमच्या गल्लीत तरी शक्य नाही.