मदत हवी आहे: हिपॅटायटिस सीची गोळी आणि रोजचं पॅन्टोप्राझोल

नमस्कार मंडळी. दादाला जुनाट हिपॅटायटिस सी (यकृताचा विषाणूसंसर्ग) आहे, जिनोटाइप ३, म्हणजे विषाणूचा तिसरा प्रकार. सिरोसिस, म्हणजे यकृतावर कायमचे व्रण, नाही, हा मोठा दिलासा. डॉक्टरांनी सोफोसबुव्हिर-वेलपाटासव्हिरची एकत्र गोळी १२ आठवडे दिली आहे. वहिनीने माहेरी पूर्वीच्या उपचारातल्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचे हाल पाहिलेत, त्यामुळे ती फार घाबरली आहे. आताच्या गोळ्यांनी ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, हे तिला पटतच नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. दादा ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल घेतो, आणि पोटातलं आम्ल कमी झालं की वेलपाटासव्हिर नीट शोषलं जात नाही. सोमवारी डॉक्टरांना विचारणारच आहे. तोवर, कुणाच्या घरी असं झालं होतं का? जळजळ कशी सांभाळली? आणि सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून ही औषधं मोफत मिळवताना जिल्हा रुग्णालयात कोणते कागद लागले?