रोमानियाच्या राष्ट्रीय उदारमतवादी पक्षाला ‘उदारमतवादी’ का म्हणतात?

नकाशावेडा
पूर्व युरोपाचा इतिहास सलग वाचत असताना मी रोमानियापाशी अडलो आहे. तिथला राष्ट्रीय उदारमतवादी पक्ष १८७५ साली स्थापन झाला आणि कम्युनिस्ट राजवटीतला खंड सोडला, तर तो आजही राजकारणात आहे. परंतु उदारमतवाद म्हटला की खुला व्यापार, मर्यादित सरकार आणि समान नागरिकत्व असे जे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येते, त्यात या पक्षाची कामगिरी बसत नाही. त्याने परक्या मालावर जकाती लावल्या, जमिनीखालची खनिजे राज्याच्या मालकीची केली, पक्षाची सूत्रे दीर्घकाळ ब्रातियानू या एकाच घराण्यात ठेवली, आणि आज युरोपीय संसदेत तो उदारमतवाद्यांबरोबर न बसता ख्रिस्ती लोकशाहीवादी व परंपरावादी पक्षांच्या गटात बसतो. मग हे नाव केवळ वारशाने टिकून राहिले आहे, की तिथे या शब्दाचा अर्थच निराळा होता?

जुनीपाने
माझ्या मते अर्थच निराळा होता. इंग्लंडमध्ये राज्य आधीपासून होते आणि उदारमतवाद्यांना त्याला आवर घालायचा होता. रोमानियात राज्यच उभे करायचे होते. १८४८ च्या क्रांतीत उतरलेली इऑन ब्रातियानू, सी. ए. रोसेत्ती यांची पिढी पॅरिसमध्ये शिकलेली होती, आणि तिच्या दृष्टीने व्यक्तीचे स्वातंत्र्य व देशाचे स्वातंत्र्य या एकाच मागणीच्या दोन बाजू होत्या. त्या वेळी वालाकिया आणि मोल्दाव्हिया ही दोन्ही संस्थाने (पुढे ज्यांतून रोमानिया झाला) ऑटोमन सुलतानाच्या अधिसत्तेखाली होती आणि रशियाचा धाक निराळाच.

१८५९ साली दोन्ही संस्थानांनी अलेक्झांड्रू कुझा यांना निवडून ऐक्य साधले. कुझा यांनी मठांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, १८६४ साली शेतकऱ्यांना जमिनीही दिल्या; मात्र त्यासाठी त्यांनी विधिमंडळ बाजूला सारले होते. १८६६ च्या फेब्रुवारीत उदारमतवादी आणि परंपरावादी यांनी हातमिळवणी करून त्यांना पदच्युत केले, आणि नवा राज्यकर्ता म्हणून जर्मन राजपुत्र कारोल यांना आणण्याचे ठरले. प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्यात युद्धाला तोंड फुटण्याच्या बेतात असल्याने प्रशियाच्या लष्करातील या अधिकाऱ्याला ऑस्ट्रियातून उघडपणे प्रवास करणे शक्य नव्हते. म्हणून तो खोट्या नावाच्या पारपत्रावर रेल्वेच्या दुसऱ्या वर्गातून निघाला. ब्रातियानूही त्याच प्रवासात होते, पण दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. बेल्जियमच्या धर्तीवर त्याच वर्षी झालेल्या राज्यघटनेने वृत्तपत्रांना व सभांना स्वातंत्र्य दिले आणि शांततेच्या काळात मृत्युदंड बाद ठरवला. ज्या देशात दशकभर आधीपर्यंत रोमा लोकांची गुलामी चालू होती, त्या देशात हे घडले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

जकातींकडेही याच नजरेने पाहावे लागते. १८७७ साली स्वातंत्र्य घोषित झाले, १८८० साली राष्ट्रीय बँक निघाली, १८८६ साली ऑस्ट्रिया-हंगेरीशी जकातयुद्ध जुंपले आणि पुढच्याच वर्षी देशी कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाला. ‘प्रिन नोइ इन्शिने’, म्हणजे ‘आपल्याच बळावर’, ही पक्षाची घोषणा होती, आणि १९२३ ची घटना व १९२४ चा खाणकायदा हे तिचेच फळ होते. तेल परक्या कंपन्यांच्या हाती राहिले तर स्वातंत्र्य कागदावरच राहील, असे त्यांना मनापासून वाटत होते.

मतपेटी
वरील विवेचन मला निम्मेच पटते. राज्य उभारायचे होते हे खरे. पण त्या राज्यात कोणाला जागा होती? ज्या घटनेची स्तुती वर केली आहे, तिच्याच सातव्या कलमाने ख्रिस्ती नसलेल्या परकीयांना नागरिकत्व मिळण्याचा मार्ग बंद केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले ज्यूही परकीयांतच मोजले जात असल्याने हा घाव त्यांच्यावरच पडला. गृहमंत्री म्हणून ब्रातियानूंनी १८६७ मध्ये ज्यूंच्या हकालपट्टीचे हुकूम काढले. रोमानियाच्या स्वातंत्र्याला मान्यता देताना धर्मावरून भेद न करण्याची अट घालणाऱ्या १८७८ च्या बर्लिन कराराच्या दडपणाखाली १८७९ साली ते कलम बदलले, पण प्रत्येक अर्जावर संसदेने स्वतंत्रपणे निर्णय घ्यावा अशी अट घातली गेली, आणि व्यवहारात अगदी थोडेच लोक नागरिक झाले. पहिल्या महायुद्धानंतरच हा अन्याय कायद्याने दूर झाला.

मताधिकाराचेही तसेच. मालमत्तेच्या व उत्पन्नाच्या निकषावर मतदारांचे वर्ग पाडलेले होते आणि बहुसंख्य शेतकरी प्रतिनिधींमार्फतच मत देऊ शकत. रोसेत्तींना हे वर्ग मोडून सर्वांसाठी एकच मतदारवर्ग हवा होता. १८८४ च्या सुधारणेत चाराचे तीन वर्ग करण्यावरच ब्रातियानू थांबले, आणि १८४८ पासूनची ही मैत्री याच प्रश्नावर तुटली. त्या पक्षातला खरा उदारमतवादी शोधायचा असेल, तर मी रोसेत्तींकडे बोट दाखवीन.

१९०७ साली मोल्दाव्हियातल्या फ्लामन्झी गावातून शेतकऱ्यांचे बंड पेटले, तेव्हा नुकत्याच सत्तेवर आलेल्या उदारमतवादी सरकारने ते लष्कर घालून मोडून काढले. मृतांच्या आकड्याबद्दल आजही वाद आहे, पण खेड्यांवर तोफा चालल्या याबद्दल नाही.

जुनीपाने
ज्यूंच्या बाबतीत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझ्या उत्तरातून ते सुटायला नको होते. १९०७ नंतर मात्र त्याच पक्षातील इयोनेल ब्रातियानू, म्हणजे थोरल्या ब्रातियानूंचे पुत्र, जमिनीचे वाटप आणि सर्व पुरुषांना मताधिकार यांचा आग्रह धरू लागले. युद्धानंतर दोन्ही गोष्टी झाल्या आणि जमीनदारांचा परंपरावादी पक्ष पार नामशेष झाला.

नकाशावेडा
दोघांचेही आभार. मग सर्वांना मताधिकार मिळूनही वीस वर्षांत लोकशाही कोसळली, ती कशामुळे?

मतपेटी
एक कारण त्यांनीच केलेल्या कायद्यात होते. १९२६ च्या निवडणूक कायद्यानुसार चाळीस टक्के मते मिळवणाऱ्या पक्षाला निम्म्या जागा बक्षीस म्हणून मिळत, आणि उरलेल्या निम्म्यांतही वाटा मिळे. राजा आधी पंतप्रधान नेमी, मग तो पंतप्रधान निवडणूक घेई आणि सरकारी यंत्रणेच्या जोरावर जिंके. डिसेंबर १९३७ मध्ये ततारेस्कू यांच्या उदारमतवादी सरकारला सुमारे ३६ टक्के मते मिळाली आणि बक्षीस हुकले. कोणालाच बहुमत नाही, हे निमित्त साधून दुसऱ्या कारोल राजाने १९३८ च्या फेब्रुवारीत हुकूमशाही आणली.

पक्षाच्या नेत्यांनी प्राणही गमावले आहेत, हे नोंदवायला हवे. पक्षाचे पंतप्रधान दुका यांनी ‘लोहरक्षक’ या फॅसिस्ट संघटनेवर बंदी घातली, आणि २९ डिसेंबर १९३३ रोजी राजाची भेट घेऊन परतताना सिनायाच्या रेल्वे फलाटावर त्या संघटनेच्या लोकांनी त्यांना गोळ्या घातल्या. पुढे कम्युनिस्टांनी पक्षाचे नेते दिनू ब्रातियानू आणि इतिहासकार गेओर्गे ब्रातियानू यांना सिगेतच्या तुरुंगात डांबले, आणि दोघेही तिथेच वारले.

फलाटक्रमांकदोन
१९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळल्यानंतरचा भाग थोडक्यात जोडतो. १९९० च्या जानेवारीत जुन्या राजबंद्यांनी पक्ष पुन्हा उभा केला. त्यांचे उमेदवार राडू कंपेआनू मे महिन्यातल्या अध्यक्षीय निवडणुकीत दुसरे आले खरे, पण सुमारे साडेदहा टक्क्यांवर. माजी कम्युनिस्ट नेते इलियेस्कू यांना पंच्याऐंशी टक्के मते पडली. तुमच्या मनातल्या व्याख्येच्या सर्वांत जवळ हा पक्ष त्याचे नेते तारिचानू पंतप्रधान असताना आला: २००५ पासून सर्वांना १६ टक्क्यांचा एकच आयकर लागू झाला, आणि २००७ साली देश युरोपीय संघात गेला.

युरोपीय संसदेतल्या गटबदलाचे कारण मात्र विचारांपेक्षा निवडणुकीच्या गणितात आहे. सामाजिक लोकशाहीवाद्यांशी केलेली आघाडी २०१४ साली मोडल्यावर पक्षाला लोकशाही उदारमतवादी पक्षाशी विलीन व्हायचे होते. तो पक्ष युरोपात परंपरावादी गटात होता, आणि त्याची मुळे १९९० मध्ये इलियेस्कूंनीच चालवलेल्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीत होती. विलीनीकरण झाले, पक्षाचे क्लाउस योहानिस देशाचे अध्यक्ष झाले, आणि युरोपातल्या उदारमतवादी गटातली रिकामी जागा पुढे २०१६ साली निघालेल्या ‘रोमानिया वाचवा संघा’ने घेतली.

नकाशावेडा
या उत्तरांमुळे वाचनाचा क्रमच बदलला. आता आधी १८८४ चा ब्रातियानू-रोसेत्ती वाद नीट समजून घेतो आणि मगच युद्धोत्तर काळाकडे वळतो.