नववीच्या लेकरांना कॅन्सरबद्दल कसं सांगावं? घाबरवायचं नाहीये

केजचे_गुरुजी:
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवतो. आमच्याकडं पोरांच्या खिशात सुपारीच्या पुड्या सर्रास सापडायल्यात, गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे पण टपरीवर सकाळी दप्तर पाठीला लावूनच पोरं उभी. एक तास कॅन्सरवर घ्यायचाय. अडचण अशी की वर्गातल्या एका लेकराच्या वडलांना तोंडाचा कॅन्सर झालाय, बार्शीला ट्रीटमेंट चालू आहे. मागच्या महिन्यात आम्ही सडलेल्या तोंडाचं पोस्टर लावलं तर ते बघून लेकरू दोन दिवस शाळेतच आलं नाही. तेव्हापासून माझी हिंमतच होईना.

लातूरच्या_बाई:
सर, आधी ते पोस्टर काढा. मी फोटो दाखवतच नाही. हात धुऊन या म्हणते आणि आपापली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायला लावते. एका पोराची दोनच जायली होती, सगळे हसायले, तर तो हळूच म्हणला मॅडम मला ठेचा पण लई झोंबतो आजकाल. तंबाखू नाही हो, नुसती सुपारी! सुपारीनं गाल आतून कडक होत जातात, तोंड उघडेना होतं आणि त्यातूनच पुढं कॅन्सर होऊ शकतो. त्याच आठवड्यात त्याला दाताच्या डॉक्टरकडं पाठवलं. आता मात्र मी हे घरी आरशासमोर करायला सांगते, वर्गात नाही.
आणि २००३ च्या कायद्यानं शाळेपासून १०० यार्डात तंबाखू विकता येत नाही, पोरांनाच टेप देऊन अंतर मोजायला लावा, गणिताचा तासही होतो.

परभणीकर:
मी त्या लेकराच्या जागेवर होतो सर. वडील गेले तेव्हा दहावीत होतो. शेजारचा पोरगा माझ्या डब्यातलं खाईना झाला ते सगळ्यात जास्त लागलं होतं, घरी तर कुणी नावच घ्यायचं नाही, "मोठा आजार" म्हणायचे. म्हणून पहिलं हेच सांगा की कॅन्सर उष्ट्यानं लागत नाही. "खाल्ली तंबाखू, भोगा आता" असं कुणी बोललं तर तिथंच थांबवा. आणि तासाच्या आधी त्याला बाजूला घेऊन विचारा, बसायचं का नाही ते.

सिस्टर_धाराशिव:
दादांचं एकदम बरोबर. फक्त मुलींना विसरू नका. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळं होतो, पेशंटजवळ बसून नाही, शरीरसंबंधातून तो पसरतो, आणि त्यावर लस आहे, ९ ते १४ वयात घेतली तर चांगली लागू पडते. आधी आयांची मीटिंग घ्या, नाहीतर गावात उलटसुलट बोलतात. आणि आयांना हे सांगाच, आपल्याच तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला होता, २००९ ला छापून आला, एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. ३० च्या पुढच्या बायका होत्या त्या, म्हणजे लेकीला लस आणि आईला तपासणी.

केजचे_गुरुजी:
पोस्टर काढलं. आज त्या लेकराशी बोललो, पिंपळाखाली बसून. बराच वेळ गप्पच होतं. मग म्हणलं, सर मी बसतो, पण अण्णांना शेक (रेडिएशन) देतात तेव्हा काय करतात ते मलाच सांगू द्या, पोरं काहीबाही बोलायलेत. शुक्रवारी तास ठेवलाय. पहिली दहा मिनिटं त्याची.