एचआर चांगलं म्हणून कंपनी नफ्यात, की नफा आहे म्हणून एचआर चांगलं?

वेर्ण्याचा_एचआरवाला:
वेर्ण्याला एका फॅक्टरीत एचआरला आहे, सोबत एमबीए चालू, आणि प्रोजेक्टला हाच विषय घेऊन बसलोय. आमचे साहेब म्हणतात ट्रेनिंग म्हणजे निव्वळ खर्च, पोरं शिकतात आणि गेटबाहेरच्या दुसऱ्या कंपनीत जातात. मी त्यांना ह्युसलिड नावाच्या संशोधकाचा १९९५ चा अभ्यास दाखवला, अमेरिकेतल्या हजारेक कंपन्यांचा, नीट भरती, ट्रेनिंग, कामावर इन्सेंटिव्ह असं सगळं एकत्र असेल तिथे माणसं कमी सोडतात आणि नफा जास्त दिसतो. तर म्हणे अमेरिकेचं मला नको सांगू. काय सांगू आता?

कळंगुट_फ्रंटडेस्क:
पात्रांव, तुझी कंपनी विकते काय ते आधी बघ. आमचा मालक स्वस्तात रूम विकतो, जूनमध्ये अर्धी पोरं घरी, ऑक्टोबरला नवीन, चालतंय त्याचं. शेजारचं हॉटेल परत येणाऱ्या गिऱ्हाइकांवर जगतं, ते पावसात पण पगार देऊन पोरं ठेवतात कारण वेटरने नावाने हाक मारली की माणूस पुढच्या वर्षी येतोच. बुडाला तो तिसरा हॉटेलवाला, रेट पंचतारांकित आणि दर सीझनला नवी पोरं 😄

फोंड्याची_मास्तरीण:
हॉटेलवाल्याचं पटतं, पण गंमत म्हणजे एचआर कंपनीच्या धंद्याच्या स्ट्रॅटेजीशी जुळलं तर जास्त फायदा, याला ह्युसलिडलाच फारसा आधार मिळाला नव्हता. दुसरी अडचण मोठी आहे. २००५ मध्ये राइट आणि मंडळी या संशोधकांनी तपासलं तेव्हा एचआरचा संबंध पुढच्या कामगिरीशी होता तसाच मागच्याशीही निघाला, आणि मागची कामगिरी हिशेबात धरली की पुढच्या कामगिरीशी संबंध जवळजवळ गायबच. म्हणजे पावसात पगार देणाऱ्याकडे आधीच पैसा असेल की! साहेबांना नफ्याचं सांगूच नकोस, नफा डॉलरचा भाव आणि कच्च्या मालानेही हलतो. १९९४ मध्ये आर्थर नावाच्या संशोधकाने ३० छोटे स्टील कारखाने बघितले, कामगारांवर भरवसा टाकणाऱ्या ठिकाणी भंगारात जाणारा माल कमी आणि सोडून जाणारेही कमी. तसं काही मोज, एका लाइनला ट्रेनिंग दे, दुसरीला नंतर.

वेर्ण्याचा_एचआरवाला:
मॅडम, हे जमेल. पॅकिंगच्या दोन लाइन सारख्याच आहेत, रिजेक्शनचं रजिस्टर सोमवारी मागतो, प्रॉडक्शनवाल्याने दिलं तर, कारण त्याला वाटतं एचआर म्हणजे फक्त रजेचे अर्ज.