चिऱ्याच्या जुन्या घराला वाळवी लागली आहे, पेस्ट कंट्रोलवाला कसा निवडावा? (गोवा: डिचोली, साखळी, म्हापसा)

कुळागर (डिचोली):
नमस्कार मंडळी. आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. भिंती चिऱ्याच्या, वर मंगळोरी कौलं, चौकटी फणसाच्या. गेल्या आठवड्यात देवघराच्या कपाटातून आरत्यांची वही काढली. पुठ्ठा जसाच्या तसा होता. उघडली तर आत पानांच्या जागी ओलसर माती, आणि पांढरे किडे सैरावैरा पळाले. सासूबाईंनी माहेरून आणलेली वही होती ती, त्यांच्या आईच्या अक्षरातली. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुपारी जेवल्याही नाहीत.

मग सगळं घर तपासलं. देवघरामागच्या भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या रेघा जमिनीपासून थेट तुळईपर्यंत गेल्या आहेत. चौकटीवर बोटाने ठोकलं की पोकळ आवाज येतो. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधतो ती हीच तुळई. नारळांचे आणि सुपारीचे घड, तोरिंजन, सगळा भार तिच्यावर. चवथ दीड महिन्यावर आली आहे.

तीन महिन्यांपूर्वी एकाला बोलावलं होतं. फोनवरच ४,५०० रुपये सांगितले, वीस मिनिटं भिंतींवर फवारलं आणि गेला. पावती नाही, औषधाचं नाव नाही. आता नीट माणूस हवा आहे. अडचणी तीन: सासूबाईंना दमा आहे. विहीर स्वयंपाकघरापासून आठ-दहा पावलांवर आहे आणि पिण्याचं पाणी तिचंच. आणि परसात मोठी रोयण, म्हणजे वारूळ, आहे. सासूबाई तिला सातेरी देवी मानतात, दर शुक्रवारी फूल ठेवतात. तिला हात लावू देणार नाहीत, आणि मलाही तो लावायचा नाही.

रानवाट (म्हापसा):
ताई, आधी एक सांगा. तुळईखाली जमिनीवर काही पडतं का? खसखशीसारखे बारीक टणक दाणे पडत असतील तर ती सुक्या लाकडातली वाळवी. तिचा जमिनीशी संबंध नसतो, त्यामुळे जमिनीत कितीही औषध ओतलं तरी पैसे वाया. पिठासारखा मऊ भुगा असेल तर वाळवी नव्हे, लाकूड पोखरणारा भुंगेरा.

कुळागर:
दाणे नाहीत, भुगाही नाही. फक्त मातीच्या रेघा. एक खरवडून काढली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अर्धी बांधलेली.

चिरेबंदी (फोंडा):
म्हणजे जमिनीतून येणारी वाळवी. मी दोन वर्षांपूर्वी याच वाटेने गेलो, म्हणून सविस्तर लिहितो.

भिंतीवर फवारणी केली की दिसणारे किडे मरतात, पण वारूळ जमिनीत असतं आणि राणी तिथेच. काम जमिनीत व्हायला हवं. बांधून झालेल्या घरासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ भाग ३. भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या सांध्याला साधारण १२ मिलिमीटरची भोकं, एकेका फुटावर, तिरकी. त्यातून औषध हळूहळू आत सोडायचं, मग भोकं बुजवायची. असं करायला दोन माणसांना आमच्या घरात पूर्ण दिवस लागला. जो वीस मिनिटांत संपवतो त्याने भोकं पाडलेलीच नसतात.

औषधाचं नाव विचाराच. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिलला वास जवळजवळ नसतो, आणि वाळवीला ते ओळखू येत नाही. ती त्यातून चालत जाते आणि अंगावरून दुसऱ्यांपर्यंत पोचवते. क्लोरपायरिफॉस स्वस्त पडतं, पण त्याचा वास दिवसचे दिवस घरात राहतो. अमेरिकेत त्याचा घरगुती वापर बंद करायचं २००० सालीच ठरलं. दम्याच्या माणसाच्या घरात ते नकोच.

बाटली सीलबंद आणा आणि माझ्यासमोर उघडा, असं सांगा. यात संकोच करू नका. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर एक लिटर पाण्याला २.१ मिली. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत जवळजवळ १२० लिटर तयार होतं. किती लिटर जिरवलं ते वहीत लिहून घ्या. आमच्याकडे आलेल्या पहिल्या माणसाने तयार कॅन आणले होते. आत काय आहे विचारलं तर 'कंपनीचं औषध' म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवला.

परवानाही बघा. कीटकनाशक कायदा १९६८ चा. व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला त्याखाली परवाना लागतो आणि तो कृषी खात्याकडून मिळतो. डिचोलीच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा टोंक-करंझाळेच्या संचालनालयात जाऊन परवानाधारक कोण आहेत ते विचारा. परवाना घेणाऱ्याकडे रसायनशास्त्र घेतलेली विज्ञानाची किंवा कृषीची पदवी लागते, वर मैसूरच्या सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) सारख्या संस्थेतलं प्रशिक्षण. मी सरळ प्रमाणपत्र दाखवा म्हटलं. चांगला माणूस रागावत नाही, उलट खूश होतो.

आता विहीर. चिरे मातीत लावलेले असतील तर सांध्यांतून औषध कुठल्या कुठे जातं. विहिरीच्या बाजूच्या भिंतीला जमिनीत काही सोडू देऊ नका, कोणी कितीही 'काही होत नाही' म्हटलं तरी. त्या बाजूला आमिषाच्या पेट्या बसवून मिळतात. त्यातलं खाद्य वाळवी घेऊन जाते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बंद पडते. वेळ लागतो, महिनेसुद्धा, पण पाण्याला धोका नाही. लाकडाला बोरिक अॅसिड-बोरॅक्सचं द्रावण लावून घ्या.

सांजवेळ (पेडणे):
आमच्याकडे वडील चौकटीला रॉकेल लावायचे. शेजारच्यांनी धान्यातल्या गोळ्या कपाटात ठेवल्या होत्या, म्हणे लगेच फरक पडला.

निळीशाई (मडगाव):
सांजवेळ, गोळ्यांचं कृपया कोणी करू नका. मी परिचारिका आहे. त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि पावसाळ्यात आपल्या घरात ओलावा किती असतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर उतारा नाही. शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. सामान्य माणसाला त्या विकण्याची परवानगीच नाही. शेजाऱ्यांच्या कपाटात अजून असतील तर आजच त्यांच्याशी बोला. कोणाला मळमळ, छातीत दडपण वाटलं तर वाट न बघता १०८.

कुळागरताई, कामाच्या दिवशी सासूबाईंना दोन दिवस नातेवाइकांकडे पाठवा. औषधाला वास नसला तरी भोकं पाडताना सिमेंटची धूळ उडते, दम्याला ती पुरे आहे.

चिरेबंदी:
रॉकेलने वरचे किडे पळतात, आतले राहतात. आणि तुळईला रॉकेल, खाली समई, हे नकोच.

रोयणीचं राहिलं. ती फोडायची गरज नाही. घरात आलेली वाळवी त्याच रोयणीतली असेलच असं नाही, आणि वरची माती फोडून आतलं संपतही नाही. घराभोवती अडसर केला की पुरे. सासूबाईंना तसं सांगा.

आणि बाहेरचं काम आता नको. भिजलेल्या मातीत औषध टिकत नाही, वाहून जातं. आतलं आता, बाहेरचं पाऊस गेल्यावर. जो भर जुलैत सगळं एकदम करून देतो म्हणेल त्याला नको म्हणा.

रानवाट:
एक भर. हमी लेखी घ्या. पाच वर्षांची देतात, पण मधल्या वर्षांत तपासणीला येणार का, ते त्यात लिहून घ्या. आणि दर सांगताना १८ टक्के जीएसटी धरून विचारा, मागाहून वाद नको.

कुळागर:
मंडळी, खूप आभार. कृषी कार्यालयात जाऊन आले, तिथून नावं मिळाली. तिघांना घरी बोलावलं. एकाने दारातूनच दर सांगितला. दुसरा बोलायला चांगला होता, पण विहीर दाखवली तरी काही विचारलं नाही. तिसऱ्याने येताच टॉर्च मागितला, कौलांखाली चढला, पेचकसाने तुळई तीन ठिकाणी टोचून बघितली. म्हणाला, टोकाकडचं हातभर लाकूड गेलंय, मधलं शाबूत आहे, पण यंदा भार घालू नका. विहिरीकडची भिंत त्याने स्वतःहून वगळली. त्यालाच काम दिलं.

आतलं काम मंगळवारी झालं. बाटली समोर उघडली, १९० लिटर जिरवलं, वहीत लिहून सही घेतली. बाहेरचं नोव्हेंबरात.

सुताराने तुळईखाली टेकू दिला आहे. माटोळी यंदा पुढच्या वसरीवर बांधणार, सासूबाईंनीच जागा दाखवली. आरत्या त्यांना पाठ आहेत. रोज संध्याकाळी त्या सांगतात आणि मी नव्या वहीत उतरवून घेते. अकरा झाल्या.